पाणचिऱ्याची नोंद

“मॅडम, दुर्बीण लावा. डाव्या हाताला बघा, बेटाच्या अलीकडं.”

ईश्वर नगरेनं वल्हं पाण्यातून उचलून मांडीवर आडवं घेतलं. नाव आपल्याच वेगानं थोडी पुढं सरकली. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी नुसतं धुकं दिसलं. मग पाण्याला अगदी चिकटून उडणारा एक पक्षी दिसला. काळी टोपी, पांढरी मान, लांब काळे पंख. नारिंगी चोच त्यानं उघडी ठेवली होती आणि तिचा खालचा भाग पाण्यात बुडवून तो सरळ रेषेत चालला होता.

“पाणी फाडत चाललाय की,” ईश्वर हळूच म्हणाला. “असला न्हाई पाह्यला मी. बारका हुतो तवापासनं हितंच हाय, पर न्हाई पाह्यला.”

पक्षी बेटाशी वळला आणि त्याच रेषेवरून परत आला. आमच्यापासून फार तर शंभर फुटांवरून गेला. खालची चोच वरच्या चोचीपेक्षा चांगली बोटभर लांब होती. मी ती दोनदा पाहिली, येताना आणि जाताना.

“पाणचिरा,” मी म्हणाले. “ईश्वरभाऊ, पाणचिरा आहे हा! आपल्याकडे गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिल्याचं मला तरी माहीत नाही.”

“पाणचिरा,” त्यानं तो शब्द एकदा सावकाश म्हणून बघितला. “बराबर नाव ठिवलंय.”

माझा कॅमेरा त्या आठवड्यात दुरुस्तीला दिला होता. ईश्वरनं आपला फोन काढून तीन फोटो घेतले. दोन वाया गेले. तिसऱ्यात राखाडी पाणी होतं आणि त्यावर एक काळापांढरा पुसट डाग. मोठा करून पाहिला तर चोचीचा नारिंगी रंग तेवढा कळत होता.

ही नऊ वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि सुट्टी मिळाली की उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला जायचे. बोरखडी या काठावरच्या गावात ईश्वर राहायचा. मासेमारी हा त्याचा घरचा धंदा. हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला पुण्याकडची माणसं येत, त्यांना तो नावेतून फिरवायचा. सातवीपर्यंत शिकलेला, पण पक्ष्यांची नावं एकदा ऐकली की विसरायचा नाही. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, तुतारी. कोणता कधी आला, किती होते, हे तो मला फोन करून सांगायचा. मीच त्याला ‘पाणवठा’ या फेसबुकवरच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. अकरा हजार माणसं होती त्यात. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी. चालवणारे पुण्याचे डॉ. चांदोरकर. त्यांच्या हाताखाली आम्ही तिघं जण ग्रुपची देखरेख करायचो. कुणाला घ्यायचं, कुणाची पोस्ट ठेवायची, कुणाला काढायचं, हे बघायचो. त्या वर्षी चांदोरकर सर जिल्ह्यातल्या पाणपक्ष्यांची यादी पुस्तकरूपानं काढणार होते आणि सहसंपादक म्हणून माझं नाव घालणार होते.

नाव काठाला लागली तेव्हा ईश्वर म्हणाला, “मॅडम, आता तुमी टाका गुरुपवर. फोटू धाडतो तुमाला.”

“तुम्हीच टाका,” मी म्हणाले. “पहिल्यांदा तुम्ही पाहिलात. नोंद तुमच्या नावावर पाहिजे.”

तो एकदम थांबला. हातातला दोर तसाच राहिला.

“माज्या नावावर?”

“मग कुणाच्या? पुस्तकात छापून येईल तुमचं नाव.”

त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून दिसतं. बायकोला, सुंदराबाईला, त्यानं काठावरूनच हाक मारली. ती भांडी तशीच टाकून आली. तिला तो फोटो दाखवत तो म्हणाला, “ह्यो बघ. पाणचिरा हाय. नोंद करायची हाय त्येची.” तिला त्या डागात काहीच दिसलं नसणार, तरी ती बराच वेळ बघत राहिली.

दुपारी त्यानं पोस्ट टाकली. चार ओळी होत्या.

“नमस्कार सर्वांना. आज सकाळी सात वाजून दहा मिनटांनी बोरखडी बेटा जवळ पानचिरा दिसला. एकच होता. पाणी फाडत जात होता. फोटो लांबून आहे माफी असावी. ईश्वर नगरे, नावाडी.”

पहिली दोन-तीन माणसं ‘वा’ म्हणाली. मग चांदोरकर सरांनी लिहिलं, “हा नदी सुरय आहे. अत्यंत सामान्य पक्षी. पोस्ट टाकण्यापूर्वी जाणकारांना विचारावं.”

ईश्वरनं उत्तर दिलं, “सर सुरय मी रोज बघतो. हा तो नव्हता. खालची चोच लांब होती.”

तिथून सुरुवात झाली. सरांना कुणी असं उलटून सांगत नसे.

“खालची चोच लांब की जीभ?” असं एकानं लिहिलं. त्याला ऐंशी जण हसले. “पानचिरा म्हणजे पान खाऊन चिरलेला का?” हे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं. कुणी बगळ्याच्या फोटोला गाजराची चोच चिकटवून टाकली आणि खाली लिहिलं, ‘बोरखडीचा नवा पाहुणा’. तो फोटो मूळ पोस्टपेक्षा जास्त फिरला. एका बाईंनी समजुतीच्या सुरात लिहिलं, “त्यांचा दोष नाही हो. फोन स्वस्त झाले, दुसरं काय.”

प्रत्येकाला ईश्वर उत्तर देत होता. प्रत्येकाला आधी ‘नमस्कार सर’, ‘नमस्कार ताई’. गाजराच्या चोचीच्या फोटोखालीसुद्धा त्यानं लिहिलं, “नमस्कार सर. असा नव्हता. चोच सरळ होती.”

मी नावेत होते हे त्यानं कुठेही लिहिलं नाही. मी ते सगळं घरी बसून वाचत होते. दोनदा लिहायला घेतलं. “मी सोबत होते, मी स्वतः पाहिला,” इतकंच लिहायचं होतं. दोन्ही वेळा पुसलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चांदोरकर सरांचा फोन आला.

“रेवती, तो नगरे तुझाच माणूस ना?”

“ओळखीचा आहे सर.”

“काल तू तिकडे गेली होतीस असं आपल्या ग्रुपवरचा अमोघ म्हणत होता. नावेत होतीस का त्याच्या?”

बाहेर मुलं दंगा करत होती.

“होते,” मी म्हणाले. “पण मी दुसऱ्या बाजूला बघत होते, सर. मला नीट दिसलं नाही.”

“म्हणजे तू पाहिलेला नाहीस.”

“तसं खात्रीनं नाही सांगता येणार.”

“बरं झालं विचारलं. नाहीतर मागच्या वर्षीसारखी पंचाईत व्हायची तुझी.” ते हसले. “बघ, ही नावाडी मंडळी असली काहीतरी आवई उठवतात. दुर्मीळ पक्षी आला म्हटलं की गर्दी होते. मी लिहितो तसं.”

आणि त्यांनी लिहिलं. “सदर दिवशी नावेत आपल्या ग्रुपच्या एक जबाबदार सदस्य उपस्थित होत्या. त्यांनी असा कोणताही पक्षी पाहिलेला नाही. धंद्यासाठी खोट्या नोंदी करणाऱ्यांपासून सावध राहा.”

काल चेष्टा करणारे आज संतापले. ‘फसवणूक’ हा शब्द आला. मग ‘लायकी’ हा शब्द आला. कुणीतरी त्याचा फोन नंबर टाकला आणि सगळ्यांना सांगितलं की याच्या नावेत बसू नका. कुणी विचारलं, खोटी नोंद म्हणजे गुन्हा नाही का? ही सगळी माणसं मला माहीत होती. त्यांच्यातल्या काहींच्या घरी मी जेवले होते. नातवंडांचे फोटो टाकणारी, तहानलेल्या चिमण्यांसाठी गॅलरीत वाटीभर पाणी ठेवणारी माणसं होती ती.

त्या संध्याकाळी ईश्वरचा फोन आला. मी उचलला.

“मॅडम, वाचलं का?”

“वाचलं.”

“सर म्हणत्यात, तुमी पाह्यला न्हाई म्हणून. कायतरी गडबड झाली असंल त्येंची.”

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

“तुमी दोन वळी लिवा ना मॅडम. माजं कोण ऐकत न्हाई. तुमचं ऐकत्याल.”

“बघते, ईश्वरभाऊ.”

“लई वंगाळ फोन यायला लागल्यात. पोरीनं उचलला एक मघाशी. तुमीच नाव सांगितलं हुतं मॅडम. मला कुठं म्हाईत हुतं पाणचिरा म्हणून?”

“बघते मी,” मी पुन्हा म्हणाले.

चौथ्या दिवशी सरांनी आम्हा तिघांना संदेश पाठवला की नगरेला काढून टाका, विषय संपवा. बाकीचे दोघं कामात होते की काय कोण जाणे, त्यांनी काही केलं नाही. मी केलं. ‘या सदस्याला काढायचं आहे का?’ असा प्रश्न आला, मी ‘हो’ दाबलं. पोस्ट गेली, त्याच्या सगळ्या नमस्कारांसकट. सरांनी मला अंगठा पाठवला.

पुढचे आठ महिने मी बोरखडीला गेले नाही. त्याचे दोन फोन आले होते, ते उचलले नाहीत. नंतर फोन यायचे थांबले. पावसाळा झाला, धरण भरलं, बेटं पाण्याखाली गेली. मी शिकवत होते, पेपर तपासत होते, ग्रुपवर फुलपाखरांची नावं सांगत होते.

ऑक्टोबरात यादीच्या पुस्तकाची मुद्रितं घरी आली. सहसंपादक, प्रा. रेवती घोलप. पहिल्या पानावर नाव छान दिसत होतं. मी तपासत तपासत शेवटच्या परिशिष्टापर्यंत आले. ‘अग्राह्य नोंदी’ असा मथळा होता. चार-पाच ओळींच्या शेवटी छापलं होतं: “पाणचिरा, बोरखडी, फेब्रुवारी. नोंदकर्ता ईश्वर नगरे, नावाडी. असत्य.”

बाकीच्या ओळींपुढे ‘संदिग्ध’ असं होतं किंवा ‘ओळख चुकीची’ असं होतं. ‘असत्य’ फक्त त्याच्यापुढे होतं.

मी त्याला सांगितलं होतं, पुस्तकात नाव छापून येईल.

त्याच दुपारी मी सरांना फोन केला. “सर, मी पाहिला होता तो पक्षी. दुर्बिणीतून, दोनदा. ओळखसुद्धा मीच पटवली. त्याला नावही माहीत नव्हतं.”

ते अगदी शांतपणे म्हणाले, “तू मला फोनवर काय सांगितलं होतंस?”

“खोटं सांगितलं होतं.”

“मग आज खरं बोलतेयस, हे मी कशावरून धरू?”

मी फोन ठेवला आणि ग्रुपवर सगळं लिहिलं. वेळ, जागा, अंतर, चोच. नावेतली जबाबदार सदस्य म्हणजे मी, हे लिहिलं. सरांना मी काय सांगितलं तेही. लिहून झाल्यावर पुसायच्या आत पाठवलं.

दिवसभर गदारोळ झाला. काहींनी मला शाबासकी दिली, त्यात गाजराची चोच लावणाराही होता. बरेच जण म्हणाले, आठ महिने झोपली होती का ही? कुणी विचारलं, नावाड्याशी हिचं एवढं काय आहे? तो प्रश्न बऱ्याच जणांना आवडला. ईश्वरबद्दल कुणी काही लिहिलं नाही. त्याची माफी मागावी असं अकरा हजारांतल्या एकालाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी धोबी पक्ष्याच्या पिल्लांचे फोटो टाकले आणि सगळे तिकडे वळले. पुस्तकातून माझं नाव काढलं गेलं. मी आग्रह धरला म्हणून परिशिष्टातली ती ओळही काढली. मी ग्रुप सोडला.

पुढच्या रविवारी मी बोरखडीला गेले. खरं सांगायचं तर जाताना मला हलकं वाटत होतं.

ईश्वर घरासमोर जाळं दुरुस्त करत बसला होता. मला पाहून उठला. “या मॅडम,” म्हणाला. सतरंजी टाकली. सुंदराबाई चहा घेऊन आली, कप माझ्यापुढे ठेवला आणि आत न जाता तिथंच उभी राहिली.

“दोन म्हैनं फोन बंद करून ठिवला हुता त्येंनी,” ती मला म्हणाली. “पोरगी म्हणायची, आबा, तुमी खोटं कशाला लिवलं? शाळंत मास्तरनं दावलं हुतं तिला.”

“सुंदरे, ऱ्हाऊ दे,” ईश्वर म्हणाला. ती आत गेली.

मी त्याला सगळं सांगितलं. मुद्रितं, फोन, ग्रुपवर काय लिहिलं ते. तो जाळ्यातली गाठ सोडवत ऐकत होता.

“मग आता पुस्तकात काय लिवलंय? आपुन पाह्यला असं लिवलंय?”

“नाही. ती ओळच काढून टाकली.”

“म्हंजी पाह्यलाबी न्हाई आन् खोटंबी न्हाई.”

“हो.”

त्यानं मान हलवली. मग माझ्याच्यानं राहवेना. जी गोष्ट मी ग्रुपवरसुद्धा लिहिली नव्हती ती त्याला सांगितली.

“ईश्वरभाऊ, त्या दिवशी नोंद तुमच्या नावावर करा म्हणाले ना मी, ते तुमच्यासाठी नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी मी एका मोहोळघारीला गरुड म्हटलं होतं. तीन दिवस ग्रुपवर माझी टर उडवली सगळ्यांनी. ‘गरुडताई’ म्हणायचे मला. जेवण जात नव्हतं. म्हणून या वेळी मला भीती वाटली. फोटो पुसट होता. चुकलं असतं तर... चुकलं तर तुमचं चुकावं, म्हणून तुमचं नाव पुढं केलं.”

त्यानं जाळं बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“त्या दिशी सुंदरानं पुरणाची पोळी केली हुती,” तो म्हणाला. “माजं नाव छापनार म्हणून.”

आत भांड्यांचा आवाज होत होता. मी म्हणाले, “लोकांनी फार वाईट वागवलं तुम्हाला. मला ठाऊक होतं कसं वाटतं ते, तरी मी...”

“लोकांचं काय, मॅडम?” तो म्हणाला. “ती मानसं कुठं हुती नावंत? त्येंनी पाह्यलाच न्हाई, त्येंनी खोटं म्हणलं तर म्हणलं. त्येंचा मला कदी राग न्हाई आला.” तो उठून उभा राहिला. “नावंत आपुन दोगंच हुतो.”

माझा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. तो गार झाला म्हणून त्यानं सुंदराबाईला दुसरा टाकायला सांगितलं. मी नको म्हणाले, तरी आला, आणि त्याच्यासमोर मी तो पुरता प्यायले.

निघताना मी पाण्याकडे बघितलं. रोहित अजून आले नव्हते, पण बदकं उतरली होती. त्याच्या दोन्ही नावा काठाला बांधलेल्या होत्या. तो माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, पाणी चढल्यानं रस्ता कुठं खचलाय ते सांगितलं.

त्यानंतर मी बरेचदा गेले आहे. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो स्वतः माझ्या घरी आला होता. लग्नात सुंदराबाईनं मला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. पक्षी बघायला येणाऱ्यांना तो आता नेत नाही, मासळीपुरतीच नाव काढतो. नावेत बसा असं तो मला एकदाही म्हणालेला नाही. आणि मला न्या, असं म्हणायचा धीर मलाही अजून झालेला नाही.